आधी ओळख, मग अनुवाद : परदेशात व्यवसाय नेताना भाषा आणि संस्कृतीचे भान

मुंबई : गोडा मसाल्यात तीळ असतात, हे मराठी घरात कोणाला सांगावे लागत नाही. कैरीच्या लोणच्यात मोहरीची डाळ असते, हेही सर्वांना ठाऊक असते. बाजारात मिळणाऱ्या तयार हिंगात अनेकदा गव्हाचे पीठ मिसळलेले असते, याची मात्र फारशी चर्चा होत नाही. हाच मसाला, हेच लोणचे आणि हाच हिंग घातलेला चिवडा परदेशी जायला निघाला, की या तिन्ही गोष्टी एकाएकी महत्त्वाच्या ठरतात. अमेरिकेत तीळ हा अ‍ॅलर्जी निर्माण करणारा नववा प्रमुख घटक ठरला असून १ जानेवारी २०२३ पासून त्याचा वेष्टनावर उल्लेख करणे बंधनकारक आहे. युरोपीय संघाच्या यादीत असे १४ घटक आहेत. त्यांत तीळ, मोहरी आणि गव्हासारखी ग्लुटेनयुक्त धान्ये यांचा समावेश होतो. तेथे हे घटक यादीतील इतर शब्दांहून उठून दिसतील, अशा रीतीने छापावे लागतात.

अशा वेळी वेष्टनावरील ‘मसाले’ या शब्दाचा कितीही अचूक इंग्रजी अनुवाद केला, तरी उपयोग होत नाही. अनुवाद निर्दोष असतो आणि माल मात्र बाजारातून परत मागवावा लागतो. नोंद न केलेले अ‍ॅलर्जीकारक घटक हे अमेरिकेत खाद्यपदार्थ परत मागवण्यामागील एक प्रमुख कारण आहे. निर्यातदारासाठी तो आर्थिक फटका असतो. ज्या घरातील मुलाला तिळाची तीव्र अ‍ॅलर्जी आहे, त्या घरासाठी तो जिवाचा प्रश्न असतो.

परदेशात व्यवसाय नेताना भाषा आणि संस्कृतीचा विचार करावा, हा सल्ला आता नवा राहिलेला नाही. तथापि त्याचा अर्थ बहुतेक वेळा संकुचितपणे घेतला जातो. वस्तू तयार झाली, जाहिरात ठरली, करार झाला, आता हे सारे तिकडच्या भाषेत करून घ्या, असा क्रम दिसतो. प्रत्यक्षात यशस्वी ठरलेल्या व्यवसायांचा क्रम उलटा आहे. तिकडचा माणूस काय खातो, कसा पैसे देतो, काय वाचतो, कशावर विश्वास ठेवतो, हे त्यांनी आधी जाणून घेतले. अनुवादाची पाळी त्यानंतर आली.

भाषांतर आणि स्थानिकीकरण

या प्रक्रियेला व्यवसायाच्या परिभाषेत स्थानिकीकरण म्हणतात. भाषांतरात एका भाषेतील मजकुराचा अर्थ दुसऱ्या भाषेत नेला जातो. स्थानिकीकरणात संपूर्ण वस्तू किंवा सेवा दुसऱ्या समाजाच्या व्यवहारात बसवली जाते. त्यात नाव, चव, आकार, किंमत, मापे, दिनांक, पैसे देण्याची पद्धत, तक्रार ऐकणारा माणूस आणि कायद्याने लागणारी माहिती हे सारे येते.

नावांच्या बाबतीत अनेक किस्से सांगितले जातात. शेव्हरोले कंपनीची ‘नोव्हा’ ही मोटार स्पॅनिश भाषेत ‘चालत नाही’ असा अर्थ होत असल्याने लॅटिन अमेरिकेत खपली नाही, हा त्यांतील सर्वांत प्रसिद्ध किस्सा आहे. तो खरा नाही. ही मोटार मेक्सिको आणि व्हेनेझुएलात चांगली विकली गेली. मेक्सिकोच्या सरकारी तेल कंपनीने तर ‘नोव्हा’ याच नावाने पेट्रोल विकले होते. नावाच्या चुकीमुळे व्यवसाय बुडतो, ही कल्पना ऐकायला रंजक असली, तरी वस्तुस्थिती बहुधा अधिक गुंतागुंतीची असते.

याचा अर्थ नाव क्षुल्लक असते, असा नव्हे. मित्सुबिशीची ‘पजेरो’ स्पॅनिश भाषक देशांत ‘मोंतेरो’ म्हणून विकली गेली, कारण मूळ नावाला त्या भाषेत अश्लील अर्थ होता. टाटा मोटर्सने २०१६ मध्ये ‘झिका’ या नियोजित मोटारीचे नाव बदलून ‘टियागो’ केले, कारण त्याच सुमारास झिका विषाणूच्या साथीची बातमी जगभर पसरली होती. एचएसबीसी या बँकेने ‘काहीही गृहीत धरू नका’ अशा आशयाचे घोषवाक्य अनेक वर्षे वापरले. काही देशांत त्याचा अर्थ ‘काहीही करू नका’ असा लावला गेला. अखेर २००९ मध्ये बँकेने आपल्या खासगी सेवेसाठी नवे घोषवाक्य स्वीकारले. याउलट ‘कोका-कोला’चे चिनी नाव उच्चाराने मूळ नावाशी जुळते आणि रुचकर व आनंददायी असा अर्थही देते. चांगले नाव भाषा जाणणाऱ्यालाच सुचते. ते नुसत्या शब्दकोशात सापडत नाही.

सवयीमागे कारण असते

परदेशी कंपन्या भारतात आल्या, तेव्हाचा अनुभव आपल्याला जवळचा आहे. केलॉग्ज कंपनीने १९९४ मध्ये भारतात कॉर्नफ्लेक्स आणले. महाराष्ट्रातील तळोजा येथे तिचा कारखाना उभा राहिला. हे कुरकुरीत पोहे थंड दुधात घालून खाण्यासाठी बनवलेले होते. भारतीय घरात दूध तापवले जाते आणि पुष्कळदा ते गरमच घेतले जाते. गरम दुधात कॉर्नफ्लेक्स क्षणात मऊ पडत. ज्या कुरकुरीतपणासाठी अधिक पैसे मोजायचे, तोच पहिल्या घासाला नाहीसा होत असे.

दूध तापवण्याची सवय म्हणजे केवळ परंपरेचा हट्ट नव्हता. सुटे दूध टिकावे आणि सुरक्षित व्हावे, यासाठी ते उकळणे आवश्यक होते. ज्या गोष्टीला आपण संस्कृती म्हणतो, तिच्या मुळाशी अनेकदा असे साधे व्यावहारिक कारण असते. हवामान, पाणी, घराचा आकार, पगाराचा दिवस, वीजपुरवठा यांतून सवयी घडतात. कारण समजून न घेता सवय बदलू पाहणाऱ्या विक्रेत्याला जाहिरातीवर कितीही खर्च केला, तरी यश दुर्मिळच असते. पुढे केलॉग्जने भारतीय चवींचे प्रकार आणि लहान पाकिटे बाजारात आणली.

मॅकडोनाल्ड्सने १९९६ मध्ये भारतात पहिली दालने उघडली, तेव्हा वेगळा मार्ग धरला. ज्या बीफ बर्गरवर या कंपनीची जगभरातील ओळख उभी होती, तो पदार्थच भारतातील यादीत ठेवला नाही. शाकाहारी आणि मांसाहारी पदार्थांसाठी स्वयंपाकाची जागा व उपकरणे वेगळी केली. मेयोनेझ अंड्याशिवाय बनवले. बटाट्याच्या टिक्कीचा बर्गर आला. तथापि रांगेची शिस्त, ठरावीक वेळेत पदार्थ देण्याची पद्धत आणि सर्वत्र सारखी चव हा व्यवसायाचा गाभा तसाच राहिला.

अन्नाच्या बाबतीतील विश्वास किती नाजूक असतो, याची प्रचितीही याच कंपनीला आली. अमेरिकेतील बटाट्याच्या फ्राइजमध्ये बीफपासून मिळवलेला स्वादघटक असल्याचे २००१ मध्ये उघड झाल्यावर तेथील शाकाहारी आणि हिंदू ग्राहकांनी न्यायालयात धाव घेतली. भारतातही निदर्शने झाली. भारतातील पदार्थांत असा घटक नसल्याचे कंपनीला जाहीर करावे लागले. अमेरिकेतील दाव्यांत २००२ मध्ये एक कोटी डॉलर देण्याची तडजोड झाली. वेष्टनावरील किंवा फलकावरील एक न लिहिलेला शब्द किती महाग पडू शकतो, याचे हे उदाहरण आहे.

जर्मनीतील धडा

अमेरिकेतील बलाढ्य विक्रेता वॉलमार्टने १९९७ च्या अखेरीस जर्मनीत प्रवेश केला. स्थानिक साखळ्या विकत घेऊन दालनांची संख्या वाढवली. नऊ वर्षांनंतर, २००६ मध्ये, आपली ८५ दालने मेट्रो या जर्मन समूहाला विकून ही कंपनी तेथून बाहेर पडली. त्याच वर्षी दक्षिण कोरियातील १६ दालनेही तिने विकली.

या अपयशाची चर्चा करताना बहुधा एकच प्रसंग रंगवला जातो : दारात उभे राहून हसतमुखाने स्वागत करणारे कर्मचारी जर्मन ग्राहकांना कृत्रिम वाटत. ते खरे असले, तरी पुरेसे नाही. आरंभी जर्मनीतील नेतृत्व अमेरिकेतून आलेल्या आणि जर्मन न जाणणाऱ्या अधिकाऱ्याकडे देण्यात आले होते. व्यवस्थापनाच्या पातळीवर इंग्रजीचा आग्रह होता. कामगार संघटनांशी संवाद साधण्याची जर्मन पद्धत समजून घेण्यात कंपनी कमी पडली. सहकाऱ्यांमधील प्रेमसंबंधांवर निर्बंध घालणाऱ्या तिच्या आचारसंहितेतील कलमे २००५ मध्ये जर्मन श्रम न्यायालयाने अमान्य केली. खरेदी किमतीपेक्षा कमी दराने वस्तू विकण्यावर स्पर्धाविषयक यंत्रणेने आक्षेप घेतला. आल्डी आणि लिडल या स्वस्त दरांच्या साखळ्या तेथे आधीच घट्ट रुजलेल्या होत्या. ‘सर्वांत स्वस्त’ हे वॉलमार्टचे वैशिष्ट्य जर्मन ग्राहकाला मुळी नवे नव्हते.

यातून दिसणारी गोष्ट सरळ आहे. ज्या माणसांना स्थानिक भाषा येत होती, त्यांच्या हाती निर्णय नव्हते आणि ज्यांच्या हाती निर्णय होते, त्यांना भाषा येत नव्हती. फलकांचे जर्मन भाषांतर या दरीवर उपाय ठरू शकत नव्हते.

भारतीय कंपन्या बाहेर गेल्या तेव्हा

याच काळात भारतीय उद्योगही मोठ्या प्रमाणावर बाहेर पडू लागले होते. टाटा मोटर्सने २००४ मध्ये दक्षिण कोरियातील गुन्सान येथील देवू कमर्शियल व्हेइकल ही मालमोटारी बनवणारी कंपनी विकत घेतली. भारतीय कंपनीच्या हाती आपला कारखाना जाणार, याबद्दल कोरियन कामगारांच्या मनात साशंकता असणे स्वाभाविक होते. टाटांनी आपली माहितीपत्रके आणि सादरीकरणे कोरियन भाषेत केली. कामगार संघटना आणि स्थानिक प्रशासन यांच्याशी संवाद साधला. खरेदीनंतर कारभार कोरियन व्यवस्थापनाकडेच राहिला आणि ‘टाटा देवू’ असे जोडनाव स्वीकारून कोरियन ग्राहकाच्या ओळखीचे नावही जपले गेले. येथे भाषा हा सौजन्याचा भाग तर होताच, पण त्याहून अधिक तो विश्वास मिळवण्याचा मार्ग होता.

भारती एअरटेलचा आफ्रिकेतील अनुभव अधिक खडतर ठरला. कंपनीने २०१० मध्ये झेन समूहाचा १५ आफ्रिकी देशांतील दूरध्वनी व्यवसाय १०.७ अब्ज डॉलरच्या व्यवहारात घेतला. दर कमी ठेवायचे आणि बोलण्याची मिनिटे वाढवायची, हे सूत्र भारतात यशस्वी झाले होते. आफ्रिकेत मात्र १५ देश म्हणजे १५ नियामक, अनेक चलने आणि अनेक भाषा होत्या. त्यांपैकी सात देशांत त्या वेळी कारभारात फ्रेंचचा वापर होता. वीजपुरवठा अपुरा असल्याने मनोरे चालवण्यासाठी डिझेलवर मोठा खर्च होई. सुरुवातीची अनेक वर्षे हा व्यवसाय तोट्यात राहिला. पुढे प्रत्येक देशाच्या गरजेनुसार सेवा आखल्या गेल्या. बँकेचे खाते नसलेल्या ग्राहकांसाठी मोबाइलवरून पैसे पाठवण्याची सेवा हा तेथील व्यवसायाचा महत्त्वाचा आधार बनला. आफ्रिकेतील कंपनीची २०१९ मध्ये लंडनच्या शेअर बाजारात नोंदणी झाली.

पुण्याच्या बजाज ऑटोचे उदाहरण आणखी वेगळे आहे. तिची ‘बॉक्सर’ ही मोटारसायकल आफ्रिकेतील अनेक देशांत प्रवासी वाहन म्हणून धावते. युगांडा आणि केनियात या दुचाकी टॅक्सीला ‘बोडा-बोडा’ म्हणतात. भारतात कुटुंबाच्या वापराची असलेली वस्तू तेथे रोजगाराचे साधन झाली. साहजिकच तेथील चालकाला देखण्या रूपापेक्षा मजबुती, इंधनाची बचत आणि सुटे भाग कोपऱ्यावर मिळण्याची सोय महत्त्वाची वाटते. तीनचाकी रिक्षाच्या बाबतीत तर कंपनीचे नावच त्या भाषांत मिसळून गेले आहे. इंडोनेशियात रिक्षाला ‘बजाई’, टांझानियात ‘बजाजी’ आणि इथिओपियात ‘बजाज’ म्हणतात. वस्तू लोकांच्या रोजच्या गरजेत बसली, की तिच्यासाठी शब्द शोधण्याचे काम लोक स्वतःच करतात.

‘हो’ म्हणजे नेमके काय?

वस्तूंपेक्षा सेवांच्या व्यवसायात भाषेचे महत्त्व अधिक असते. पुणे आणि जपान यांच्यातील व्यवहार या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे. पुण्यात जपानी भाषा शिकवण्याची परंपरा काही दशकांची आहे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग आणि टिळक महाराष्ट्र विद्यापीठ यांसह अनेक संस्थांतून जपानी शिकवली जाते. माहिती तंत्रज्ञान कंपन्यांना या मनुष्यबळाचा मोठा उपयोग झाला. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने २०१४ मध्ये मित्सुबिशी कॉर्पोरेशनसोबत जपानमध्ये संयुक्त कंपनी स्थापन केली. त्यानंतर जपानी ग्राहकांसाठीचे स्वतंत्र केंद्र पुण्यात सुरू केले.

तथापि परीक्षा उत्तीर्ण होण्याइतकी जपानी आली, म्हणजे जपानी कार्यालयात काम करता येते, असे नाही. ‘हाई’ या शब्दाचा अर्थ शब्दकोशात ‘हो’ असा आहे. बैठकीत मात्र तो पुष्कळदा ‘आपण म्हणता ते मी ऐकले’ एवढेच सुचवतो. त्याला होकार समजून कामाला लागणारा परदेशी माणूस पुढे अडचणीत येतो. आपल्याकडील ‘बघू’, ‘होऊन जाईल’ आणि मान हलवण्याची पद्धत यांनी परदेशी ग्राहकाचाही असाच गोंधळ उडतो. ‘होऊन जाईल’ यात आपण आश्वासन ऐकतो. समोरच्याला तारीख हवी असते.

जपानी कार्यालयांत ‘होरेन्सो’ नावाची एक पद्धत रूढ आहे. कळवणे, संपर्कात राहणे आणि सल्ला घेणे या तीन क्रियांच्या जपानी शब्दांच्या आद्याक्षरांवरून हा शब्द बनला असून त्याचा उच्चार ‘पालक’ या भाजीच्या नावाशी जुळतो. अडचण आल्याबरोबर वरिष्ठांना कळवावे, ती सुटेपर्यंत थांबू नये, असा तिचा आशय आहे. भारतीय कर्मचारी अनेकदा आधी अडचण सोडवू पाहतो आणि मग सांगतो. हेतू चांगला असूनही जपानी सहकाऱ्याला ही लपवाछपवी वाटू शकते. दोन्ही बाजूंना हा फरक आधी माहीत असेल, तर संबंध बिघडण्याचे कारण राहत नाही.

कायदाही भाषा तपासतो

अनेक देशांत स्थानिक भाषेचा वापर ही ऐच्छिक बाब नाही. कॅनडातील क्वेबेक प्रांताने १९७७ मध्ये फ्रेंच भाषेची सनद कायद्याच्या रूपाने स्वीकारली. तेथे व्यापारी फलकांवर फ्रेंच मजकूर ठळकपणे वरचढ असावा लागतो आणि यासंबंधीचे नियम जून २०२५ पासून अधिक कडक झाले आहेत. फ्रान्समध्ये ग्राहकांना दिली जाणारी माहिती फ्रेंच भाषेत असावी, असा कायदा १९९४ पासून लागू आहे. आखाती देशांत खाद्यपदार्थांच्या वेष्टनावर अरबी मजकूर आवश्यक असतो.

इंडोनेशियाच्या २००९ च्या भाषाविषयक कायद्यानुसार तेथील व्यक्ती किंवा संस्था पक्षकार असलेला करार इंडोनेशियन भाषेत असावा लागतो. केवळ इंग्रजीत केलेला एक कर्जकरार पश्चिम जकार्ता येथील न्यायालयाने २०१३ मध्ये याच आधारावर रद्दबातल ठरवला आणि २०१५ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. दोन्ही पक्षांना इंग्रजी समजत असणे पुरेसे ठरले नाही.

अमेरिकेतील एक नियम मराठी उत्पादकांनी विशेष लक्षात ठेवण्याजोगा आहे. खाद्यपदार्थाच्या वेष्टनावर परकीय भाषेतून माहिती किंवा दावा छापला, तर कायद्याने बंधनकारक असलेली सर्व माहिती इंग्रजीबरोबर त्या भाषेतही द्यावी लागते. म्हणजे परदेशातील मराठी ग्राहकासाठी आपुलकीने छापलेल्या मराठी मजकुराचाही आधी कायदेशीर विचार करावा लागतो. अर्धवट मराठी छापण्यापेक्षा संपूर्ण मराठी छापावी किंवा वेष्टन इंग्रजीतच ठेवावे, असे दोनच सुरक्षित पर्याय उरतात.

पडद्यावरच्या अडचणी

संकेतस्थळ किंवा मोबाइल अ‍ॅप परदेशी नेणाऱ्यांना आणखी बारीक गोष्टी सांभाळाव्या लागतात. ‘०५/०६’ हा दिनांक भारतात ५ जून आहे, तर अमेरिकेत ६ मे. पदार्थ कधीपर्यंत खाण्यास योग्य आहे, हे सांगताना एवढा फरक गंभीर ठरतो. जर्मनीत ‘१.५००’ असे लिहिले, तर त्याचा अर्थ दीड हजार होतो. अरबी उजवीकडून डावीकडे लिहिली जाते. त्यामुळे शब्दांबरोबर पडद्याची संपूर्ण मांडणीही उलटावी लागते. डावीकडे मळका सदरा आणि उजवीकडे स्वच्छ सदरा दाखवणारी साबणाची जाहिरात तशीच ठेवली, तर उजवीकडून वाचणाऱ्याला नेमका उलटा क्रम दिसतो. मराठीत एकवचन आणि अनेकवचन एवढ्यावर भागते, पण अरबीत संख्येनुसार नामाची सहा प्रकारे हाताळणी करावी लागते.

नाव भरण्याचा रकाना हेही एक उदाहरण आहे. इंडोनेशियात अनेकांचे नाव एकाच शब्दाचे असते. आडनाव भरल्याशिवाय पुढे जाऊ न देणारे अ‍ॅप त्या ग्राहकाला दारातच अडवते. पैसे देण्याच्या पद्धतीही वेगळ्या असतात. जर्मनीत वस्तू हाती आल्यावर देयकानुसार पैसे भरण्याची पद्धत रुळलेली आहे, केनियात २००७ पासून मोबाइलवरील ‘एम-पेसा’ लोकप्रिय आहे आणि जपानमध्ये कोपऱ्यावरच्या दुकानातही ऑनलाइन खरेदीचे पैसे भरता येतात. ग्राहकाला वस्तू आवडूनही त्याच्या सवयीची पैसे देण्याची सोय नसेल, तर व्यवहार शेवटच्या पायरीवर थांबतो.

कोठे थांबावे?

सर्व काही बदलायचे ठरवले, तर व्यवसायाची ओळखच शिल्लक राहत नाही. म्हणून गाभा कोणता आणि बदलण्याजोगा भाग कोणता, हे आधी ठरवावे लागते. गोडा मसाल्यातून तीळ काढून टाकले, तर तो गोडा मसाला राहील का, हा चवीचा प्रश्न आहे. तीळ आहेत हे स्पष्ट सांगणे, पाकिटाचा आकार बदलणे, वापरण्याची कृती तेथील भाज्यांसह देणे यांनी मात्र चव बिघडत नाही.

जुळवून घेण्याला मूल्यांचीही मर्यादा असते. आयकिया या स्वीडिश कंपनीच्या सौदी अरेबियातील पुस्तिकेतून स्त्रियांची छायाचित्रे काढून टाकल्याचे ऑक्टोबर २०१२ मध्ये उघड झाले. स्वीडनमध्ये त्यावर तीव्र टीका झाली आणि आपल्या मूल्यांशी हे सुसंगत नसल्याचे सांगत कंपनीने खेद व्यक्त केला. एका बाजारपेठेला रुचावे म्हणून केलेला बदल दुसऱ्या बाजारपेठेत, आणि स्वतःच्या कर्मचाऱ्यांसमोर, समर्थनीय ठरेल का, हा प्रश्न आधीच विचारावा लागतो.

याच्या विरुद्ध टोकाला साचेबद्ध समजुती असतात. एका देशातील सर्व लोक सारखेच वागतात, असे मानणे हेही अज्ञानच आहे. नागपूर, कोल्हापूर आणि पणजी येथील जेवणाच्या चवी एक नाहीत, हे आपण जाणतो. मग जर्मनी, ब्राझील किंवा इंडोनेशिया एकसंध असेल, असे मानण्याचे कारण नाही.

लहान उद्योजकाने सुरुवात कोठून करावी?

मोठ्या कंपन्यांकडे चुका सोसण्याइतके भांडवल असते. मसाले, पापड, हस्तकला किंवा सॉफ्टवेअर विकणाऱ्या लहान उद्योगाचे एक कंटेनर परत आले, तर वर्षभराची कमाई जाऊ शकते. म्हणून क्रम महत्त्वाचा आहे.

पहिली पायरी म्हणजे एकच देश निवडणे. दहा देशांसाठी एक सर्वसाधारण वेष्टन करण्यापेक्षा एका देशाचे नियम आणि सवयी नीट समजून घेणे स्वस्त पडते. कृषी व प्रक्रिया केलेल्या खाद्यपदार्थांसाठी अपेडा ही केंद्र सरकारची संस्था निर्यातदारांना मार्गदर्शन करते. अंतिम मजकूर मात्र त्या देशातील आयातदाराकडून किंवा जाणकार सल्लागाराकडून छपाईपूर्वी तपासून घ्यावा.

दुसरी गोष्ट परदेशातील मराठी समाजाविषयीची. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून कार्यरत आहे आणि आज अनेक देशांत अशी मंडळे आहेत. नव्या उत्पादकाला पहिले ग्राहक आणि मोकळा अभिप्राय त्यांच्याकडून मिळतो. परंतु त्यांना भाकरवडीची ओळख करून द्यावी लागत नाही. त्यांच्या प्रतिसादावरून तेथील मूळ रहिवाशांच्या पसंतीचा अंदाज बांधणे धोक्याचे असते. हे दोन वेगळे बाजार आहेत आणि त्यांच्यासाठी मजकूरही वेगळा लागतो.

तिसरी गोष्ट अनुवादाची. यंत्राने केलेला अनुवाद आता सहज उपलब्ध आहे आणि पत्रव्यवहाराचा आशय समजून घेण्यास तो उपयोगी पडतो. वेष्टन, करार, औषधाची किंवा यंत्राची सूचना यांसाठी मात्र ती भाषा मातृभाषा असलेल्या आणि विषय जाणणाऱ्या माणसाची नजर आवश्यक आहे. अनुवाद दुसऱ्या व्यक्तीकडून पुन्हा मूळ भाषेत करून घेतला, तर अर्थ कोठे निसटला, हे बऱ्याच अंशी कळते. महत्त्वाच्या शब्दांची एक यादी करून तीच सर्वत्र वापरली, तर एकाच वस्तूला तीन नावे पडत नाहीत.

चौथी गोष्ट बहुतेकदा विसरली जाते. विक्रीची भाषा स्थानिक असते आणि तक्रारीची भाषा मात्र मुख्यालयाची राहते. जाहिरात ज्या भाषेत केली, त्याच भाषेत ग्राहकाचे गाऱ्हाणे ऐकणारा माणूस नसेल, तर जाहिरातीतील आपुलकी फसवी ठरते. त्या माणसाने ऐकलेली तक्रार निर्णय घेणाऱ्यापर्यंत पोहोचणेही तितकेच आवश्यक आहे.

हीच कसोटी भारतात येणाऱ्या कंपन्यांनाही लावता येते. सणासुदीला मराठी शुभेच्छांचे फलक लावणाऱ्या किती कंपन्यांचे विमापत्र, हमीपत्र किंवा परतावा मागण्याचा अर्ज मराठीत मिळतो, हे प्रत्येक ग्राहकाने स्वतः तपासून पाहावे. आपल्या भाषेत माहिती मागणारा ग्राहक कोणतीही सवलत मागत नसतो. आपण काय विकत घेत आहोत, हे समजण्याचा त्याचा तो हक्क असतो. हा हक्क येथे ज्याला स्वतःसाठी महत्त्वाचा वाटतो, त्या मराठी उद्योजकाला परदेशातील ग्राहकाची अपेक्षा समजणे अवघड जाऊ नये.